मोठ्यानं आणि सावकाश

सिग्नल हिरवा झाला तरी गाडी हलेना, तेव्हा ती नेहमीच्या मऊ आवाजात म्हणाली, "सोडा क्लच. घाई नाही, हळू सोडा." गाडी तरीही हलेना. मागून एकानं हॉर्न दिला, मग दुसऱ्यानं, मग सगळ्यांनाच चेव आला. "मागच्यांकडे लक्ष देऊ नका," ती म्हणाली, "त्यांना काय, हॉर्न फुकट आहे." आणि शिकणारा घाबरला की काय हे बघायला तिनं मान वळवली, तर शेजारच्या सीटवर तिची पर्स होती आणि पर्सवर घडी केलेला स्वेटर. स्टिअरिंग तिच्याच हातात होतं, क्लच तिच्याच पायाखाली. दिवसाचा शेवटचा शिकाऊ त्याच्या दारात उतरून गेला होता आणि गाडी ड्रायव्हिंग स्कूलच्या शेडमध्ये लावायला ती एकटीच निघाली होती. तिनं गिअर टाकला, चौक ओलांडला, पुढं कडेला गाडी घेतली आणि पोट धरून हसली. खरंच हसली, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. आयुष्य शेजारच्या सीटवर गेलेल्या बाईला स्वतःच्या हातात स्टिअरिंग आलं की असं व्हायचंच. डॉक्टर नाही का घरी बायकोला म्हणतो, पुढचा पेशंट पाठवा. हसून झाल्यावर तिनं चष्मा पुसला, आरसा नीट केला, आणि निघता निघता तिला एक बारीकशी गोष्ट खटकली. मान वळवल्यावर पर्स दिसली आणि आपणच गाडी चालवतोय हे कळलं, या दोहोंच्या मध्ये एक फट होती. त्या फटीत ती दचकली नव्हती. शिकणारा कुठं गेला असेल, असा शांतपणे विचार करत ती पर्सकडे बघत बसली होती, आणि तो येईल अशी तिची खात्री होती.

स्कूलच्या ऑफिसात तिनं हे चांगलं तिखटमीठ लावून सांगितलं. मालक तिच्यापेक्षा वयानं पुष्कळ लहान, वडिलांच्या मागं स्कूल त्याच्याकडे आलेलं. त्याला गाडी शिकवली तीही तिनंच. तो खुर्चीत मागं रेलून हसला. "बाई, तुम्हीच आता नाव घाला शिकायला. फीमध्ये सवलत देतो." मग म्हणाला, "तंद्री लागली असेल हो, दुसरं काय." घरी नवऱ्याला सांगितलं तर त्यानं तिची नक्कलच करून दाखवली, रिकाम्या खुर्चीला क्लच सोडायला सांगून. तो लिफ्टचा मेकॅनिक. इमारतीच्या इमारती त्याच्या वायरींवर वरखाली होतात, आणि त्याचं तत्त्वज्ञानही तिथूनच येतं. "लिफ्ट कधी गोंधळत नाही," तो म्हणाला, "माणसं दोन्ही बटणं दाबतात आणि म्हणतात, लिफ्ट गोंधळली. तू एवढी वर्षं शेजारचं बटण दाबलंस, आज चुकून स्वतःचं दाबलंस, एवढंच." तिला ते पटलं. निदान त्या संध्याकाळपुरतं पटलं. गंमत म्हणून सांगितलेली गोष्ट सगळ्यांनी गंमत म्हणूनच घेतली, यात तक्रार करण्यासारखं काय होतं? पण अंगाला साबण लावताना, दाराला कडी घालताना ती तिथंच परत यायची. तंद्री? तंद्री तिला माहीत होती. तंद्रीतून माणूस उठतो तेव्हा अंग झटकतो. ती काही उठली नव्हती, कारण ती झोपलीच नव्हती.

आता खरं तर या बाबतीत तिचा हात धरणारं गावात कोणी नव्हतं. माणसं गोंधळतात म्हणून तर तिचं पोट चालत होतं. तिच्या गाडीत 'मी गोंधळलो' हे वाक्य चालायचं नाही. पहिल्याच दिवशी ती सांगायची, "गोंधळलो म्हणजे काय झालं ते सांगा. गोंधळ हे नुसतं पांघरूण आहे, खाली काय आहे ते दाखवा." मग कोणी सांगायचा, पाय चुकला, कोणी म्हणायची, डावं-उजवं कळलं नाही, एक बँकेतला माणूस तर रडकुंडीला येऊन म्हणाला होता, मॅडम, मला माझे हात माझे वाटेनात. तो तिचा सगळ्यात चांगला शिकाऊ निघाला. गडबडलेला माणूस तिला मागूनसुद्धा ओळखता येई. तो सगळं करतो, फक्त आधीचं नंतर आणि नंतरचं आधी, त्याला थोडा वेळ दिला की तो आपला आपण रुळावर येतो. गांगरलेला मात्र हात सोडतो. चालत्या गाडीत स्टिअरिंग सोडून चक्क तोंडावर हात घेतलेली माणसं तिनं पाहिली होती. तिथं तिचा पाय तिला न विचारता ब्रेकवर जायचा, कारण शेजारच्या सीटखाली तिचा स्वतःचा ब्रेक होता आणि तिचा सगळा धंदा त्या वीतभर लोखंडावर उभा होता. गावातल्या पोरांनी तिचं नावच ब्रेकबाई ठेवलं होतं. आणि भांबावलेला, त्याची तर नजर सांगते. डोळे चौकभर फिरतात, बसतात कुठंच नाहीत. अशा माणसाशी चढ्या आवाजात बोललं की संपलं. त्याच्याशी हळू आवाजात, भरभर आणि नेहमीसारखं बोलायचं, जणू काही झालंच नाही. नवरा म्हणायचा, "तू माणसांना लेबलं लावतेस." लावतेच. लेबल नसलेल्या डब्यात हात घालून बघ एकदा, म्हणजे कळेल.

पण शब्द वापरायची लोकांची रीतही तिनं पुरती पाहिली होती. एकच चौक, एकच चूक. पोरगा बंद पडला तर रस्त्यातला पोलीस हसून म्हणतो, गोंधळलं बिचारं. बाई बंद पडली तर मागचा काच खाली करून म्हणतो, गांगरली बघा, कशाला यांच्या हातात देतात. टायवाला साहेब बंद पडला तर गाडीतच काहीतरी बिघाड असतो. आणि म्हातारा माणूस बंद पडला तर कोणी काहीच म्हणत नाही. एकमेकांकडे बघतात. तेच ते गोंधळणं, लहानाला शोभतं, मोठ्याला महागात पडतं, म्हाताऱ्याला त्याच्यावाचून दुसरं नावच उरत नाही. ती अठ्ठावन्नची होती. कुठल्या खणात बसायचं हे अजून तिच्या हातात होतं, असं तिला वाटायचं.

आईचं कसं झालं होतं ते तिला आठवायचं नव्हतं, म्हणजे ती तेच आठवत होती. आई टेलिफोन एक्सचेंजमध्ये होती, कानाला हेडफोन लावून एका माणसाचा आवाज दुसऱ्यापर्यंत पोचवायचं काम. कान असे तिखट की दोन खोल्या पलीकडे कोण कोणाबद्दल बोलतंय हे तिला भिंतीआडून कळायचं, आणि दादाची बायको नवी होती तेव्हा याचा तिला भारी जाच व्हायचा. निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी आई म्हणायला लागली, "मला काही सुचत नाही गं." कपाटासमोर उभी राहून म्हणायची, जेवणाच्या ताटावर म्हणायची. त्या दिवसांत तिचा चेहरा बघवत नसे. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहायची, सोडायची, परत गुंडाळायची. मग प्रत्येकानं आपापला शब्द काढला. वहिनी फोनवर माहेरी सांगायची, आई हल्ली फार गोंधळतात. शेजारच्या काकू म्हणाल्या, भ्रम झालाय, दुसरं काही नाही. दादा डॉक्टरांकडून 'संभ्रमावस्था' घेऊन आला आणि तो शब्द असा जपून वापरायचा की जणू त्याच्यावर वॉरंटी होती. ती स्वतः म्हणायची, विसरते जरा. सगळ्यांत मऊ शब्द तिचाच होता, आणि सगळ्यांत खोटाही. आणि हे सगळे लोक आईशी मोठ्यानं आणि सावकाश बोलायला लागले. "आई! मी! कोण! आहे!" दादा तिच्या कानाशी ओरडायचा. तिचा नवराही तसंच बोलायचा, नमस्कार करताना वाकून, एकेक शब्द सुटा करून. आई त्यांच्याकडे बघायची आणि शांतपणे म्हणायची, "ओरडू नका. लाइन स्वच्छ आहे."

त्यावर सगळे हसत. तीही हसली होती. मग एक दिवस आईनं 'सुचत नाही' म्हणणं बंद केलं. पदर गुंडाळणं थांबलं. ती खिडकीशी बसून राहायची, चेहऱ्यावर सुरकुती नाही, कपाळाला आठी नाही. लेक भेटायला गेली की अदबीनं विचारायची, "बराच वेळ थांबलात का? बघतंय ना कोणी तुमच्याकडे?" दादा म्हणाला, चला, आता आई शांत आहे. सगळ्यांना हायसं वाटलं. तिलाही वाटलं होतं, देवाशपथ वाटलं होतं. 'सुचत नाही' म्हणणारा माणूस निदान वाट बघत असतो, काहीतरी सुचेल म्हणून. त्याला ठाऊक असतं की इथं काहीतरी असायला हवं होतं. गोंधळलो, भांबावलो, बुचकळ्यात पडलो, जेवढे म्हणून शब्द तिच्या गाडीत आजवर बोलले गेले ते सगळे अजून काठावर उभ्या असलेल्या माणसांचे होते. पाण्यात गेलेला कशाला सांगतोय पाण्याबद्दल? हे तिला आईच्या वेळी कळलं नाही. ते आत्ता, सिग्नलच्या त्या रात्री अंथरुणावर पडल्यापडल्या कळलं, आणि कळल्यावर तिनं कूस बदलली आणि ठरवलं की आपण दमलोय. दमणं हाही एक मऊ शब्द आहे.

त्यानंतर काही दिवस काही झालं नाही. काही झालं नाही हे ती रोज स्वतःला सांगायची, यातच काय ते आलं. तिच्याकडे सध्या एक पार्लरवाली शिकत होती. चाळिशीची, केसांना तांबूस रंग, हात कात्रीवर असे चालायचे की बघत राहावं, पण तेच हात स्टिअरिंगवर आले की लाकूड. दोनदा टेस्टमध्ये नापास झाली होती. "मॅडम, मी मुळातच भांबावलेली आहे," ती म्हणायची, "लग्नातसुद्धा चुकून दिराशेजारी जाऊन बसले होते." तिला गाडी हवी होती ती आईसाठी, आई गावाच्या दुसऱ्या टोकाला, आठवड्यातून दोनदा दवाखान्यात न्यावं लागायचं आणि दर वेळी मिनतवाऱ्या कुणाच्या करायच्या? गुरुवारी तिची तिसरी टेस्ट होती. बाईंनी तिला शब्द दिला होता की गुरुवारपर्यंत शेजारी मीच बसेन, दुसऱ्या कोणाकडे तुला देणार नाही. पार्लरवालीचा सगळा धीर त्या एका शब्दावर होता. "तुमचा पाय ब्रेकवर आहे ना मॅडम, मग मी जगाच्या पाठीवर कुठंही जाईन." असं ती म्हणायची, आणि खरंच हळूहळू तिचे खांदे खाली यायला लागले होते.

त्या सकाळी ऊन स्वच्छ होतं. पाण्याच्या टाकीपाशी रस्त्याला तीन फाटे फुटतात. एक बाजाराकडे, एक पुलाकडे, एक मागं वळून टेस्टच्या मैदानाकडे. तिथून ती इतक्या वेळा गेली होती की तिथल्या भिंतीवरच्या जाहिराती बदलल्या, भिंत बदलली, पण तिचं बोलणं बदललं नाही: आरसा, इंडिकेटर, आणि आता माझ्याकडे न बघता विचारा कुठं वळायचं. पार्लरवालीनं आरसा पाहिला. पुढं बघतच विचारलं, "मॅडम, कुठं वळू?" तिला प्रश्न ऐकू आला. प्रश्नाचा अर्थही कळला, कोणीतरी रस्ता विचारत होतं. समोर तीन रस्ते होते आणि तिन्ही चांगले होते. एका घराच्या गच्चीवर एक माणूस पाइपनं कुंड्यांना पाणी घालत होता आणि उन्हात त्या पाण्याची तार लखलखत होती. उत्तर देणारा आता येईल, असं तिला वाटलं. तिला घाई नव्हती. कुठं काही अडलंय असं वाटत नव्हतं, छातीत धडधड नाही, तळहाताला घाम नाही, काही आठवत नाहीये असंही नाही, कारण आठवायचं काही आहे हेच नव्हतं. पुलाच्या बाजूनं एक टँकर वळण घेत होता, मोठा, निळा, छान निळा. ती त्याच्याकडे बघत होती. "मॅडम?" कोणीतरी म्हणालं. टँकर आणखी जवळ आला. मग गाडीचा वेग हळू पडला, इंडिकेटरची टिकटिक सुरू झाली, गाडी फाट्याच्या अलीकडे कडेला गेली, अगदी फूटपाथला समांतर, आणि थांबली. टँकर निघून गेला. टिकटिक चालू राहिली, आणि त्या टिकटिकीतून एकेक गोष्ट परत आली: टाकी, बाजार, पूल, मैदान, मंगळवार, ही पार्लरवाली, आणि मी. सगळ्यात शेवटी मी.

पार्लरवालीचा चेहरा लाल झाला होता. पण हात स्टिअरिंगवरून सुटले नव्हते. "तुम्ही बोलला नाहीत," ती म्हणाली, "मग मी म्हटलं, कळलं नाही तर बाजूला घ्यायची. तुम्हीच सांगितलंय." आणि एकदम तिचे डोळे चमकले. "अय्या! परीक्षा घेत होतात का माझी?"

आता इथं खरं सांगायचं की नाही? बाईच्या तोंडून शब्द निघून गेले. "हो. परीक्षाच होती."

"पास ना मी?"

"पहिल्या नंबरात."

पार्लरवालीनं स्टिअरिंगवर दोन्ही हातांनी थाप मारली आणि चुकून हॉर्न वाजला, तशी दोघी दचकल्या आणि पार्लरवाली खळखळून हसली. गुरुवार झाला की तुमच्या केसांचं सोनं करते मॅडम, ती म्हणाली, एक पैसा घेणार नाही. परतीच्या रस्त्यावर ती इतकी छान चालवत होती की तिला तिचंच नवल वाटत होतं. बाई 'डावीकडे', 'उजवीकडे' सांगत होती, सगळं बरोबर सांगत होती. आणि खाली आपल्या पायाकडे बघत होती. पाय ब्रेकवर नव्हता. ब्रेकच्या शेजारी होता, आरामात, घरी दिवाणावर असावा तसा. गांगरलेल्या माणसाला पाहून आपला आपण उठणारा तो पाय मघाशी टँकर येत असताना उठला नव्हता. पार्लरवालीचा सगळा धीर ज्या पायावर होता तो पाय तिथं नव्हताच.

दुपारभर ती शेडमध्ये गाडीतच बसून राहिली, दार उघडं टाकून. कोणाला कळणार होतं? कोणालाच नाही. पार्लरवाली तर गावभर कौतुक सांगत सुटेल की बाईंनी कशी बिनबोलता परीक्षा घेतली. गुरुवारपर्यंत काही व्हायचं नाही, बहुतेक नाही. दोन दिवस ढकलावेत, शब्द पाळावा, मग दमले म्हणून सुट्टी घ्यावी, गुडघ्याचं निमित्त करावं. गुडघा खरंच दुखत होता. पण ज्यानं सांगायचं त्यालाच पुढच्या वेळी ठाऊक नसेल की सांगायचंय. आज ठाऊक होतं. आज सांगता येत होतं, उद्याचं कोणी पाहिलंय? आणि सांगितलं की ती ब्रेकबाई राहणार नव्हती, ती 'बाई हल्ली गोंधळतात' होणार होती. त्या वाक्याला परतीचं तिकीट नसतं. आईला एकदा ते चिकटलं आणि मग आईनं मीठ मागितलं तरी लोक एकमेकांकडे बघायचे. मरणाची भीती तिला नव्हती म्हणा किंवा अजून तिकडं लक्ष गेलं नव्हतं. तिला भीती वाटत होती ती माणसांच्या आवाजाची. ती उठली, गाडीला कुलूप लावलं आणि ऑफिसात गेली.

मालक फोनवर होता. त्याचं होईपर्यंत ती उभी राहिली. "उद्यापासून मी शेजारी बसणार नाही," ती म्हणाली. त्याला वाटलं पगारवाढ हवीय. मग वाटलं कोणी काही बोललं. मग तिनं टाकीपाशी काय झालं ते सांगितलं, पर्सपासून सुरुवात करून, हसू न आणता. तो म्हणाला, "बाई, होतं हो असं. माझंच बघा, चावी हातात घेऊन घरभर चावी शोधतो. गोंधळ होतो माणसाचा."

"तुला शोधायचंय हे कळतं ना? मला शोधायचंय हेच कळलं नाही. पाय उठला नाही, अरे. टँकर येत होता."

त्याची नजर एकदा तिच्या पायांकडे गेली, एकदा भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे. वाईट माणूस नव्हता तो; स्कूल चालवायचं होतं त्याला. मग तो उठला, टेबलाला वळसा घालून तिच्याजवळ आला, जरासा वाकला आणि म्हणाला, "बाई. तुम्ही. आधी. बसा. पाणी. देऊ का. पाणी?"

बघता बघता. एका वाक्याचाही अवकाश नाही. मघाशी ज्या माणसानं फोन ठेवायची ती वाट बघत उभी होती त्याच माणसानं तिला आता काचेपलीकडे नेऊन ठेवलं होतं. "ऐकू येतंय मला," ती म्हणाली, आणि त्याचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. "चुकलं, बाई," तो पुटपुटला. मग त्यानं मान खाली घालून ऐकलं. पार्लरवालीशेजारी तू स्वतः बस, ती म्हणाली, दुसऱ्या कोणाला देऊ नकोस. मी शब्द मोडलाय हे तिला मीच उद्या सांगेन, आणि ती परीक्षा नव्हती हेही. भांबावते तेव्हा तिचा डावा खांदा वर जातो, तेव्हा ब्रेक मारू नकोस, वेळ दे. आणि तिच्याशी आवाज चढवून बोललास तर याद राख.

घरी ती चालत गेली. रस्ता बरोबर सापडला. कोपरा आला की कोपऱ्याचं नाव मनात यायचं आणि ती त्याला टिकमार्क केल्यासारखी पुढं जायची, आणि आपण असं करतोय याचीच तिला लाज वाटली. नवरा आज लवकर आला होता. ओट्याशी उभा राहून बटाटे सोलत होता, पंख्याची वायर सोलावी तसे, लांबच लांब साली काढून. "या ब्रेकबाई," तो म्हणाला, "आज कोणत्या खुर्चीला शिकवून आलात?"

"आज मी पार्लरवालीला रस्ता सांगितला नाही," ती स्टुलावर बसत म्हणाली.

"का? भांडलात?"

"मला माहीत नव्हता."

"कुठला रस्ता?"

"टाकीपाशी."

तो हसायला लागला. "टाकीपाशी! अगं, तू तिथं झोपेत..." आणि मग त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि हसू तिथंच राहिलं. "गोंधळ झाला असेल. ऊन काय होतं आज."

"नाही झाला. तेच सांगतेय. गोंधळ झाला असता तर मी सुखानं घरी आले असते." आणि मग तिनं सगळं सांगितलं. निळा टँकर, गच्चीवरचा माणूस, पाण्याची तार, किती बरं वाटत होतं ते. मालकाला सांगून काम सोडलं तेही. त्यानं सुरी खाली ठेवली.

"भीती वाटली?" त्यानं विचारलं.

"तेव्हा नाही वाटली. आत्ता वाटतेय. खूप वाटतेय."

"कसली?"

"तू माझ्याशी आईशी बोलायचास तसं बोलशील."

त्याला आठवायला वेळ लागला नाही. त्यानं नळाखाली हात धुतले, गरजेपेक्षा जास्त वेळ धुतले, आणि पाठमोराच म्हणाला, "उद्या डॉक्टरकडे जाऊ. मी रजा टाकतो."

"कशाला रजा? मी जाईन एकटी."

"एकटी? तुला रस्ता..." तो म्हणाला आणि थांबला.

कालपर्यंत हे वाक्य त्यानं आवंढाही न गिळता पुरं केलं असतं. आयुष्यभर दोघांचा संसार अशाच वाक्यांवर चालला होता. तो चिडवायचा, ती फटकारायची, पाहुण्यांना वाटायचं भांडतायत. आता तो नळाशी वळून उभा होता, तोंड अर्धवट उघडं, ओल्या हातांतून पाणी फरशीवर पडतंय, आणि त्याच्या चेहऱ्यावर तिला ते येताना दिसलं, जे तिनं दुपारी मालकाच्या चेहऱ्यावर पाहिलं होतं. तो एक पाऊल पुढं आला. थोडासा वाकला. "म्हणजे," तो म्हणाला, मोठ्यानं, "मी. येतो. तुझ्या. बरोबर."

"नाही," ती म्हणाली. "आधीचं पुरं कर."

"जाऊ दे ना गं."

"जाऊ देणार नाही. तुला रस्ता, पुढं काय? अर्धं टाकायचं नाही. माझ्या डोक्याचं काय व्हायचं ते होईल, ते तुझ्या-माझ्या हातात नाही. पण तू माझ्याशी असा सुटा सुटा बोलायला लागलास ना, तर मी आजच मेले. बोल."

"कसं बोलू?"

"काल बोलला असतास तसं."

त्यानं दोनदा तोंड उघडलं. तिसऱ्यांदा घशातून आधी भलताच आवाज आला, मग शब्द. "तुला रस्ता सापडायचा नाही," तो म्हणाला, "आणि दवाखाना म्हणून बँकेत शिरशील, आणि मॅनेजरला जीभ काढून दाखवशील, आणि तो बिचारा घाबरून तुला कर्ज मंजूर करेल, आणि हप्ते फेडायला मी म्हातारपणी जिने चढत बसेन, कारण लिफ्ट दुरुस्त करायला वेळ कुठं..."

ती हसायला लागली. तिला आवरेना. "भरभर," ती हसता हसता म्हणाली, "थांबू नकोस." आणि तो थांबला नाही. ओट्याला टेकून, भरभर, नेहमीसारखं, मॅनेजरचं आणि त्याच्या बायकोचं आणि जिभेच्या रंगाचं काहीबाही तो सांगत राहिला. त्याच्या डोळ्यांना धार लागली होती, पण आवाज त्यानं एकदाही चढू दिला नाही.